वाचकांचे प्रश्न: धूमकेतू येईपर्यंत सूर्यावर हात बसवा

प्रश्न: ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतूसाठी रोज संध्याकाळी गच्चीवर गेलो. डोळ्यांना काहीच दिसलं नाही आणि फोटोत एक धुरकट, हललेला ठिपका आला. साधा डीएसएलआर, ट्रायपॉड आणि ८५ मिमी लेन्स आहे. काय चुकलं?

उत्तर: दिसला नाही यात तुमची काहीच चूक नाही. बातमीत धूमकेतूची जी दृश्यप्रत, म्हणजे तेजाचा आकडा, येते ना, ती त्याचा सगळा उजेड एका बिंदूत गोळा केला तर किती होईल याची असते, प्रत्यक्षात तो उजेड पसरलेला असतो आणि त्यात संध्याकाळचं उजळ आकाश, क्षितिजाजवळची धूळ, त्यामुळे तिसऱ्या प्रतीचा तारा दिसतो पण तिसऱ्या प्रतीचा धूमकेतू दिसत नाही असं सर्रास होतं. कॅमेरा उजेड साठवतो म्हणून त्याला सापडतो.

हललंय ते एक्सपोजर जास्त झाल्यामुळे. ५०० ला फोकल लेंग्थने भागा, तुमच्या लेन्सला सुमारे ६ सेकंद येतील, पण हा हिशोब फुल फ्रेमचा (मोठ्या सेन्सरचा), क्रॉप म्हणजे लहान सेन्सर असेल तर ४, आणि मी स्वतः त्याच्याही निम्मं म्हणजे २ सेकंदच ठेवते. एकच लांब फोटो काढण्यापेक्षा शंभर छोटे काढा, रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), आणि नंतर एकावर एक रचा, यालाच स्टॅकिंग म्हणतात. ऑटोफोकस बंद करून एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करा, रिंग फिरवत तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत आणा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका, नाहीतर अंधारात हात लागतो आणि सगळी रात्र वाया जाते.

आता खरी गंमत. धूमकेतू ताऱ्यांच्या मधून स्वतःही सरकत असतो. समजा तो ताशी ५ कला (एका अंशात ६० कला) सरकतोय, तर तुमच्या लेन्सवर तासाभरात तो साधारण तीसेक पिक्सेल पुढे जाईल (सेन्सरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरलाय). पाच मिनिटांच्या फोटोंना नेहमीचं ताऱ्यांवरचं स्टॅकिंग चालतं, पण तासभराचे असतील तर डीपस्कायस्टॅकर या फोटो रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये धूमकेतूसाठी वेगळा पर्याय आहे तो घ्या आणि फोटोंमध्ये केंद्र स्वतः टिचकी मारून दाखवा. ही टिचकी नीट बसली तर शेपटीतले बारीक तपशील बाहेर येतात. आणि डोक्याजवळ हिरवट झाक आली तर ती एडिटिंगमध्ये घालवू नका, ती बहुतेक खरी असते, दोन कार्बन अणूंच्या रेणूची. सूर्यप्रकाशात हा रेणू तुटतो म्हणून शेपटी हिरवी होत नाही.

एक कळकळीची सूचना, सूर्य पूर्ण मावळेपर्यंत त्या दिशेला बायनॉक्युलर लावू नका.

प्रश्न: सूर्याच्या फोटोसाठी लेन्सवर एनडी १००० फिल्टर लावला तर चालेल का?

उत्तर: नाही. एनडी १००० (उजेड कमी करणारी गडद काच) उजेडाचा हजारावा भाग आत सोडतो, सूर्यासाठीची फिल्म लाखावा. फिल्म घेताना घनता (ती किती उजेड अडवते त्याचा आकडा) ५ लिहिलेली घ्या, ३.८ ची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते, तिच्यातून डोळ्यांनी बघायचं नाही. फिल्टर कायम लेन्सच्या किंवा दुर्बिणीच्या पुढे, म्हणजे सूर्याकडच्या बाजूला. मागे आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायचे जुने फिल्टर तापून तडकू शकतात. दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत, त्यामुळे इजा झाल्याचं त्या क्षणी कळतसुद्धा नाही.

दरवेळी फिल्म दिव्यासमोर धरून भोकं बघा, एक जरी दिसलं तरी ती बाद. थोड्या सुरकुत्यांनी बिघडत नाही, उलट ताणून बसवू नका. माझी एकदा वाऱ्याने निघून खाली पडली, नशिबाने तेव्हा मी लॅपटॉपकडे बघत होते. तेव्हापासून तिन्ही बाजूंनी टेप लावल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवत नाही, आणि फाइंडरलाही (दुर्बिणीवरच्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीलाही) झाकण.

प्रश्न: फिल्म आहे, ३०० मिमी लेन्स आहे, तरी सौरडाग पुसटच येतात.

उत्तर: दुपारी काढताय का? स्लॅब तापला की वर हवा उकळते, कॅमेऱ्यात सूर्याची कड पाण्यासारखी थरथरताना दिसेल बघा. सकाळी सूर्य जरा वर आला की लगेच काढा, गच्चीपेक्षा गवतावरून काढलात तर आणखी चांगलं. ३०० मिमीवर सूर्य सेन्सरवर जेमतेम २.८ मिमीचा पडतो, म्हणून फोकस कडेवर किंवा एखाद्या डागावरच करा. मग एकच फोटो न काढता व्हिडिओ घ्या आणि ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरला त्यातल्या उत्तम फ्रेम निवडू द्या, हवा क्षणभर स्थिर झाली त्या फ्रेम तेवढ्या उरतात. कडेवरच्या ज्वाला मात्र या फिल्ममधून दिसणार नाहीत, त्याला हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे हायड्रोजनचा ठरावीक लाल उजेडच आत सोडणारी, वेगळी दुर्बीण लागते.

माझं स्पष्ट मत आहे की आधी सूर्य करा. धूमकेतू कधीतरी येतो, सूर्य रोज समोर आहे, फोकस आणि स्टॅकिंग दोन्ही इथेच अंगवळणी पडतं. एकच डाग रोज टिपा, सुमारे १३ दिवसांत तो या कडेवरून त्या कडेला जातो.

प्रश्न: पावसाळ्यात काय करायचं?

उत्तर: धूमकेतू शोधायचे, घरात बसून! सूर्याच्या अभ्यासासाठी १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो यानाचा एक कॅमेरा सूर्याची तबकडी झाकून आजूबाजूचे फोटो घेत आलाय, ते नेटवर सगळ्यांना खुले आहेत. त्यात ५००० हून जास्त धूमकेतू सापडलेत, ५००० वा मार्च २०२४ मध्ये, आणि बहुतेक तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांनीच शोधलेत. लागोपाठचे फोटो पुढे-मागे करत बसायचं. एकाच फोटोत दिसून गायब होणारा ठिपका वैश्विक किरणाचा, तो सोडून द्या. चार-पाच फोटोंत सारख्या वेगाने एकाच रेषेत पुढे जाणारा दिसला तर आधी तो ग्रह किंवा तारा नाही ना बघा, मग प्रत्येक फोटोची वेळ आणि ठिपक्याची जागा लिहून काढा, कळवताना तीच लागते.