डॅशकॅम हार्डवायर केल्याने बॅटरी खरंच उतरते का? कोणत्या नंबरच्या फ्यूजवर जोडावा?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये पार्किंग मोडसाठी (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग व्हावं म्हणून) डॅशकॅम हार्डवायर केला, म्हणजे त्याला फ्यूज बॉक्समधून थेट सप्लाय दिला, तर बॅटरी उतरते का, कोणत्या नंबरच्या फ्यूजवर जोडायचा, आणि वॉरंटी जाते का. शिवाय अॅक्सेसरीवाल्याने "त्या भानगडीत पडू नका, बॅटरी बसते" असं सांगितल्याचं लिहिलंय. खरं तर त्या वाक्यासाठीच हे उत्तर लिहितोय.

बॅटरी संपवतात ती हेच वाक्य ऐकवणारी दुकानं. कशी, ते एका गाडीवरून सांगतो.

पुण्यातली गाडी. सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी, शनिवारी बाहेर काढायची. शनिवारी चावी फिरवली की स्टार्टर नुसता कट-कट करायचा. जिथे कॅमेरा बसवला त्या दुकानाचं निदान: बॅटरी जुनी झाली. मालकाने नवी टाकली, ३५ अँपिअर-अवरची, छोट्या पेट्रोल गाड्यांना लागते तीच. काही आठवड्यांत पुन्हा तेच. मग दुकानाने अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या जनरेटरवर, बोट ठेवलं. अल्टरनेटर इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४.२ व्होल्ट देत होता, म्हणजे त्याची काही तक्रार नव्हती.

अशा गाडीत अंदाज बांधत बसायचं नसतं. बॉनेट उघडं ठेवायचं, पण त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करायचं, म्हणजे गाडीला बॉनेट लागलंय असं वाटतं. गाडी लॉक करायची, चावी लांब न्यायची आणि बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर (वायर न सोडता करंट मोजणारा चिमटा) लावायचा. (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, इथे उपयोगाचा नाही.) सुरुवातीला करंट दोन-तीन अँपिअर दिसला तरी घाबरू नका, गाडीतले कंट्रोलर जागे असतात. ते एकेक करून झोपतात. अर्ध्या तासाने धडधाकट गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवी. ही गाडी ०.४३ अँपिअरवर येऊन थांबली आणि हलेना. स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढत गेल्यावर एका फ्यूजपाशी आकडा एकदम ०.०३ वर आला. त्या फ्यूजच्या पायाला कॅमेऱ्याच्या हार्डवायर किटची पिवळी आणि लाल अशा दोन्ही वायरी एकत्र पिळून गुंडाळलेल्या होत्या.

हिशेब सोपा आहे. ०.४३ गुणिले २४, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवरच्या वर. बॅटरी ३५ ची, तीही शहरातल्या ट्रॅफिकमध्ये क्वचितच पूर्ण भरलेली. तिसऱ्या दिवशी तिच्यात काही उरत नाही. वर आठवड्याला एकदा तास-दोन तास गाडी चालवून ती भरूनही निघत नाही, कारण लेड-अॅसिड बॅटरीचा शेवटचा वीसेक टक्के भाग फार सावकाश भरतो. अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडे गेले की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नवी बॅटरीसुद्धा जुन्यासारखी वागायला लागते. दुकानदार मात्र म्हणायला मोकळा: बघा, बॅटरीच खराब होती.

त्या दुकानदाराचा युक्तिवाद असा होता की दोन्ही वायरी बारा व्होल्टच मागतात, मग एकत्र केल्या तर बिघडलं काय, कॅमेरा तर चालतोय! बिघडतं ते हे. पिवळी वायर कायम सप्लायसाठी असते. लाल वायर बहुतेक किटमध्ये नुसती खबर देते, चावी चालू आहे की बंद. लालवरचा व्होल्टेज गेला की कॅमेरा पार्किंग मोडमध्ये जातो आणि हालचाल किंवा धक्का जाणवला तरच रेकॉर्ड करतो. लालला कायमचा सप्लाय दिलात तर कॅमेऱ्याला वाटतं गाडी चालूच आहे, आणि तो पुढचं-मागचं चित्रीकरण रात्रभर पूर्ण जोमाने करत राहतो. मालकाला सकाळी रात्रीचं रेकॉर्डिंग दिसतं, तोही खूश. खरं कारण एवढंच, की त्या दिवशी दुकानात एकच जागा शोधायचा उत्साह होता.

आणि ते फ्यूजच्या पायाला वायर गुंडाळून फ्यूज परत ठोकणं! "डीलरकडेही असंच करतात" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. करत असतील. सॉकेटमधल्या पितळी पाकळ्या जाड पायामुळे फाकतात, पुढे साधा फ्यूज लावला तरी तो सैल बसतो, सैल जोड तापतो, आणि फ्यूज बॉक्सचं प्लास्टिक वितळतं. त्याहून वाईट म्हणजे वायर जर फ्यूजच्या सप्लाय बाजूच्या पायाला गुंडाळली असेल, तर तिला फ्यूजच नाही. ती बारीक वायर स्टिअरिंगच्या ब्रॅकेटवर घासून उघडी पडली, तर मागे उरतो तो बॉनेटखालचा मोठा मेन फ्यूज, आणि तो उडायच्या आधी वायर पेटते.

आता तुमचं काम. मल्टिमीटर, दहाचा पाना, प्लास्टिकची ट्रिम काढायची पट्टी, झिप टाय, कापडी टेप, दोन फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारे अडॅप्टर) आणि दोन किंवा तीन अँपिअरचे दोन फ्यूज घ्या. टॅप विकत घेण्याआधी गाडीतला फ्यूज उपटून सोबत न्या. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-टू हे तीन दिसायला भाऊ-भाऊ असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लो-प्रोफाइलचे पाय प्लास्टिकच्या बाहेर जेमतेम दिसतात, त्यावरून ओळखा.

फ्यूजचा नंबर मी देणार नाही. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये जागा बदलतात, आणि इंटरनेटवरून नंबर उचलूनच लोक गोंधळ घालतात. मीटरने शोधा. लालसाठी १२ व्होल्ट सॉकेटचा किंवा म्युझिक सिस्टीमचा असा फ्यूज, जो चावी बंद केल्यावर शून्यावर येतो. पिवळीसाठी कायम चालू राहणारा, उदाहरणार्थ हॅझर्ड लाइट किंवा सेंट्रल लॉकचा. इथे एक खोच आहे. काही गाड्यांत केबिन लाइटसारखे फ्यूज चावी काढल्यावरही चालू दिसतात, पण वीस-तीस मिनिटांनी बॅटरी वाचवण्यासाठी गाडी ते स्वतः बंद करते. तुम्ही पाच मिनिटांत तपासून जोडलंत की पार्किंग मोड रोज रात्री गपकन बंद पडतो आणि शिव्या कॅमेऱ्याला बसतात. म्हणून गाडी लॉक करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. एअरबॅग, एबीएस, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पॉवर स्टिअरिंग आणि फ्युएल पंप यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही.

फ्यूज टॅप उलटा बसू शकतो, आणि उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. टॅपमध्ये फक्त नवा फ्यूज घाला, गाडीचा जुना अजून नको. मल्टिमीटर बझरवर ठेवून टॅपची वायर आणि एकेक पाय तपासा. ज्या पायाशी बीप वाजेल तो सामाईक पाय. मग गाडीच्या रिकाम्या सॉकेटमध्ये कोणत्या फटीत बारा व्होल्ट येतात ते बघा (लाल वायरच्या फ्यूजसाठी चावी चालू ठेवून) आणि सामाईक पाय त्या फटीत जाईल असा टॅप बसवा. उलटा बसवला तर कॅमेऱ्याचा करंट आधी जुन्या फ्यूजमधून जातो, आणि तो फ्यूज उडाला की दोन्ही एकदम बंद. गाडीचा जुना फ्यूज टॅपच्या खालच्या, पायांजवळच्या घरात परत जातो, आणि तो होता त्याच अँपिअरचा. नवा फ्यूज तपासणी झाली की काढून ठेवा, तो सगळ्यात शेवटी घालायचा. असं केलं की बॅटरीचं टर्मिनल सोडायची गरज राहत नाही.

काळी वायर म्हणजे ग्राउंड (निगेटिव्ह). ती गाडीच्या पत्र्यात घुसलेल्या कंपनीच्या बॉडी बोल्टला जोडा. प्लास्टिकमध्ये बसवलेल्या ब्रॅकेटच्या बोल्टला जोडून "किट खराब आलं" म्हणणारे खूप. कॅमेरा चालू असताना काळ्या वायरचं टोक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर जोड नीट नाही, रंग खरवडा. ग्राउंड खराब असला की किटला बॅटरी आहे त्याहून कमी दिसते आणि ते वेळेआधीच कॅमेऱ्याचा सप्लाय तोडतं, म्हणजे कट-ऑफ करतं.

बॅटरी किती व्होल्टवर आली की कट-ऑफ करायचा, हे ठरवणारा स्विच किटवर असतो, साधारण ११.६ ते १२.४ व्होल्टपर्यंत. त्या पुण्याच्या गाडीत तो ११.६ वर होता. लेड-अॅसिड बॅटरी १२.६ ला भरलेली, १२.२ ला साधारण निम्मी आणि १२.० ला पाव. ११.६ म्हणजे बॅटरी मेल्यावर केलेला कट-ऑफ! १२.२ ठेवा. गाडी बरेच दिवस उभी राहत असेल तर १२.४.

वायर काचेच्या वरच्या कडेने ए-पिलरकडे, म्हणजे समोरची काच आणि दार यांच्यामधल्या खांबाकडे आणा. इथे मात्र घाई नको. २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये तर सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहेत, म्हणजे त्या खांबावरच्या प्लास्टिकच्या पट्टीमागे कर्टन एअरबॅग (पडद्यासारखी उघडणारी) आहे. वायर एअरबॅगच्या पुढून, म्हणजे केबिनच्या बाजूने, आडवी गेली तर ती उघडण्याच्या वाटेत येते. एअरबॅगच्या मागून न्या आणि कंपनीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, बल्बचा टेस्टर तर त्यांच्या आसपासही नको. किटमधल्या कन्व्हर्टरचा (१२ व्होल्ट कमी करून कॅमेऱ्याला देणारा) डबा पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर बांधा, कापडी टेप गुंडाळा म्हणजे खडखडणार नाही. स्वस्त कन्व्हर्टर म्युझिक सिस्टीमच्या किंवा अँटेनाच्या वायरीजवळ बांधला की एफएमवर खरखर येते.

वॉरंटीचं थोडक्यात: टॅप काढला की गाडी जशीच्या तशी. कापून टेप गुंडाळलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकल क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. शिवाय उन्हात त्या काळ्या टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो, ते वेगळंच.

आता थोडं आधीच सांगायला हवं होतं ते. वायरींचे रंग सगळ्या किटमध्ये सारखे नसतात, लेबल वाचा. तुमची गाडी ऑटो स्टार्ट-स्टॉप किंवा माइल्ड हायब्रिड असेल तर अशा बऱ्याच गाड्या बॅटरी मुद्दामच पूर्ण भरत नाहीत, त्यामुळे १२.४ चा कट-ऑफ गाडी बंद केल्यावर लगेचच लागू शकतो. तिथे १२.२ किंवा १२.० वर तडजोड करावी लागते, नाहीतर कॅमेऱ्याची वेगळी लिथियम बॅटरी घ्यावी लागते. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची बॅटरी असते, पण ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. तिथल्या नारिंगी केबल्सना अजिबात शिवू नका. ओबीडी पोर्टमधून (सर्व्हिसवाले स्कॅनर जोडतात ते सॉकेट) सप्लाय घेणाऱ्या केबल सोप्या वाटतात, त्या पोर्टच्या १६ नंबरच्या पिनवर कायम सप्लाय असतोही, पण सर्व्हिसला प्रत्येक वेळी ती काढली जाते आणि परत लावायची कुणाला आठवण राहत नाही.

आणि हो, आठवडाभर गाडी हलवणारच नसाल तर कितीही नीट हार्डवायर करा, छोट्या बॅटरीवर पार्किंग मोड पाच दिवस टिकणार नाही. निम्म्यापर्यंत उतरू द्यायची म्हटलं तर ३५ च्या बॅटरीतून पंधरा-सोळा अँपिअर-अवर मिळतात, आणि पार्किंग मोडमध्ये कॅमेरा पाव अँपिअर जरी घेत असला तरी अडीच दिवसांत ते संपतात. पुढे कट-ऑफ लागतो, गाडी मात्र शनिवारी सुरू होते. पुण्याच्या त्या गाडीत वायरी वेगळ्या केल्या, लाल वायर १२ व्होल्ट सॉकेटच्या फ्यूजवर नेली, कट-ऑफ १२.४ वर केला. कॅमेरा तोच आणि बॅटरीही तीच, चार्जरवर रात्रभर ठेवून पूर्ण भरलेली. दुकानदार अजूनही अल्टरनेटर बदलायला सांगतोय.