ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांच्या कॉम्बायनर वॉर्स मालिकेतल्या मेनॅसॉरसाठी (गाड्या जोडून होणारा मोठा रोबोट) थर्ड-पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, मुठी-पावलांचा किट घ्यावा का? रिव्ह्यूमध्ये काय पाहावं?

घ्या, आणि तो मुख्यतः पावलांसाठी घ्या. हॅस्ब्रोच्या २०१५ मधल्या या मालिकेत मोटरमास्टर हा ट्रक मेनॅसॉरचं धड होतो, चार छोट्या गाड्या हातपाय होतात. प्रत्येक गाडीसोबत आलेला एकच सुटा भाग पंजा, पाऊल आणि शस्त्र अशी तिन्ही कामं करतो. त्यामुळे पाऊल आखूड पडतं, मूठ ओबडधोबड दिसते. चांगल्या किटमध्ये पावलाला टाच आणि घोट्याला तिरपी हालचाल असते; पाय फाकवूनही तळवा जमिनीला पूर्ण टेकतो. खरा फरक इथेच आहे.

नुसत्या सरळ उभ्या रोबोटचे फोटो असलेला रिव्ह्यू मला अपुरा वाटतो. किट जोडायची खुंटी किती घट्ट बसते ते त्यात हवंच. जोर लावावा लागला तर प्लास्टिक पांढरं पडतं आणि पुढे तडकतं. मुठींचं वजनही विचारा: जड पाऊल तोल सावरतं, पण जड मूठ खांद्याचा सांधा सैल करते. रोबोटच्या परत गाड्या करताना किट काढून ठेवावा लागतो का, हेही बघा. रंग मात्र दिवसाच्या उजेडातल्या फोटोवरूनच ठरवा.