सुटा लाकडी मंडप: आकार नंतर, आधी सांधा

सुटा करून पुन्हा जोडता येईल अशा लाकडी मंडपाचं तुझं रेखाटन छान आहे, पण त्यात लाकडी तुकड्यांचे प्रकार फार झालेत. दोन-तीनवर आण. त्यासाठी झोलिंगर छत नीट बघ. वास्तुविशारद फ्रीड्रिख झोलिंगर यांनी 1920च्या दशकात जर्मनीतल्या मेर्झेबुर्गमध्ये आखूड, एकसारख्या फळ्या तिरक्या जाळीत बोल्टने जोडून कमानदार छपरं उभी केली. एका फळीच्या मध्यावर शेजारच्या दोन फळ्यांची टोकं येऊन मिळतात, त्यामुळे लांब तुळई लागतच नाही.

गोम त्या मधल्या बोल्टात आहे. ही दोन टोकं अगदी समोरासमोर नसतात, थोडी सरकलेली असतात. त्यामुळे सांध्याला पीळ पडतो. त्यात लाकूड सुकून आकसलं की बोल्ट ढिला होतो आणि छत हळूहळू बसतं. म्हणून वाळलेलंच लाकूड घे, मोठे वॉशर घाल, काही महिन्यांनी सगळे नट पुन्हा आवळ. भोकं टेपने मापून पाडू नकोस, एक जिग बनव, म्हणजे प्रत्येक फळीत भोक त्याच जागी पाडायचा साचा. (सुतार कुरकुर करेल, करू दे.)

मंडप हलका म्हणजे वाऱ्याने उचलला जायची भीती जास्त. पाय जमिनीला पक्के जखड, आणि तेवढा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घे. मॉडेल आइस्क्रीमच्या काड्यांचं चालेल, पण एक सांधा खऱ्या मापात करून त्यावर वजन टांगून बघच.