म्यूनिकला येताय? फोलिस पुण्यातच ठेवा, फोटो घेऊन या

आजोबांच्या संग्रहातलं फोलिस, म्हणजे बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याचं ब्राँझचं नाणं, मागे मोठा 'एम' असलेलं, म्यूनिकला आणावं का आणि ते कुठल्या टाकसाळीचं, असं तुम्ही विचारलंय. आणू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही, मग ते पाडलेलं कुठलंही असो. निघण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, सराफी काट्यावर वजन आणि मिलिमीटरमध्ये व्यास एवढं घ्या. दिवा एका कडेने, नाण्याच्या जवळजवळ पातळीत धरा. समोरून फ्लॅश मारला की झिजलेली अक्षरं दिसेनाशी होतात. आणि कृपा करून चिंच-पितांबरी लावू नका. बरेचदा अक्षराचा उठाव त्या हिरव्या थरातच उरलेला असतो.

'एम' म्हणजे किंमत, 40 नुम्मी (नुम्मी हे तिथलं छोटं नाणं). 498 च्या नाणेसुधारणेपासून ही पद्धत आहे. टाकसाळ वाचायची ती त्याखालच्या आडव्या रेषेच्या खाली: 'सीओएन' कॉन्स्टँटिनोपल, 'एनआयके' निकोमीडिया, 'केवायझेड' सायझिकस. अँटिओकला लोक हमखास फसतात. 528 मध्ये त्या शहराचं नाव थिओपोलिस झालं, म्हणून पुढच्या नाण्यांवर 'टीएचईयूपी' किंवा ग्रीक थीटाने सुरू होणारं नाव येतं. झिजलेला थीटा 'ओ'सारखा दिसतो.

'एम'च्या पायांमधलं ग्रीक अक्षर कारखान्याचा, म्हणजे टाकसाळीतल्या विभागाचा, क्रमांक असतं. तिथे गॅमा (तीन) किंवा डेल्टा (चार) असेल तर निकोमीडिया आणि सायझिकस बहुधा बाद, कारण तिथे सहसा दोनच कारखाने. डावीकडे उभं 'एएनएनओ' आणि उजवीकडे आकडे दिसले तर ते राज्यवर्ष, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते. सम्राट जस्टिनियनच्या बाराव्या वर्षापासून, 538-39 पासून, ते येतं. त्या सुमाराची नाणी 20 ग्रॅमच्या वर भरतात.

खालचा भाग ठशाबाहेर गेला असेल तर राजा बघा. मॉरिस (582-602) असेल, अंगात कॉन्सलचा (रोमन उच्चाधिकाऱ्याचा) झगा, हातात रुमाल आणि गरुडाचा राजदंड असेल, तर बहुतेक अँटिओक. पुढचा सम्राट हेराक्लियस याची बरीच नाणी मात्र जुन्या नाण्यांवरच ठोकलेली, त्यामुळे दोन टाकसाळींची अक्षरं एकात एक मिसळतात. कुठली रेघ कुठलीवरून गेली आहे ते भिंगाने पाहावं लागतं. राजाऐवजी ख्रिस्ताचा चेहरा असेल तर शोध सोडा, दहाव्या-अकराव्या शतकातल्या त्या नाण्यांवर टाकसाळीची खूणच नसते.

इथे आल्यावर घ्यायचं झालं तर आधीच्या मालकीची नोंद असलेली पावती मागा. इस्तंबूलला फिरायला गेलात तर बाजारातलं जुनं नाणं खिशात टाकू नका. तुर्कस्तानातून ते बाहेर काढणं गुन्हा आहे.