ॲमस्टरडॅमहून एका दिवसात कोणतं जुनं तटबंदीचं गाव पाहता येईल?
डोळे झाकून नार्डेनला जा. नार्डेन-बुसुम स्टेशन ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत येतं, पुढे चालत किंवा बसने. सहा बुरुजांचा चांदणीसारखा कोट आणि भोवती दुहेरी खंदक. आधी तटावरून फेरी माराच. आपल्या गडांसारखे कातळकडे इथे नाहीत. विटांचं अस्तर दिलेले मातीचे रुंद, ठेंगणे तट आहेत. तोफगोळा दगड फोडतो, मातीत मात्र रुतून बसतो! वर आता मऊ गवत आहे. मग ग्रोटे केर्क या चर्चमध्ये मान वर करून लाकडी छतावरची चित्रं निवांत बघा. 1572 साली स्पॅनिश सैन्याने गावकऱ्यांची कत्तल केली, त्यातूनही हे चर्च वाचलं. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांची समाधीही गावातच आहे.