मे महिन्यावर टाकू नकोस

चाळीसगाव, श्रावण

पोरी,

कानबाईच्या सणाला, रोटांसाठी, तुमच्याकडे धुळ्याला आले होते, तेव्हा पोळ्या लाटता लाटता तू म्हणालीस, "बाई, शाळा चालू आहे तोवर काही जमत नाही. मे महिन्यात बसते चित्राला." घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

तुझा हात चांगला आहे हे मी सांगत बसणार नाही. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला ए ग्रेड आली तेव्हाच ते आपल्या दोघींना कळलं होतं. मुलं मोठी की चित्र मोठं, हा वादही नको. मला बोलायचंय ते मे महिन्याबद्दल.

खानदेशातला मे तू काय आज पाहतेस? पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा माहेरी येणार. मग पापड, कुरडया, शेवया, वर्षाचा गहू, डाळी, आणि दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी हळदीचा मांडव. मुलं दिवसभर घरात, दर तासाला भूक. त्यातून दुपारी कागद पुढ्यात घेतलास तरी जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, खाली ओढेपर्यंत वरची कड सुकून रेघ उमटते. मी केलंय हे सगळं. आपल्याकडचा मे चित्राचा महिनाच नाही.

आणि जे काढायचं असतं ते तरी मेमध्ये कुठे असतं? पाटणादेवीचं रान आठव. धवलतीर्थाचा धबधबा कोसळतो तो जुलै-ऑगस्टात. घटक चाचण्या, पालकसभा, मुलांचा ताप, सगळं तेव्हाच. मला तिथला डोंगर मोठ्या कॅनव्हासवर काढायचा होता. कॅनव्हास ताणून तयार होता. सुट्टी लागली की निवांत काढू, असं वर्षानुवर्षं चाललं. सुट्टी लागायची तेव्हा डोंगर करपलेला असायचा. आता खांदा वर जात नाही. तो डोंगर राहिला तो राहिलाच, त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहणार. झाली ती सगळी लहान चित्रं, वहीच्या पानाएवढी, आणि झाली ती शाळा चालू असतानाच. म्हणून म्हणते, मे महिन्यावर टाकू नकोस.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे, सहावीपासून २२०. उरलेल्या दिवसांवर तू आशा ठेवून आहेस. पण त्यात रविवारचं धुणं आहे, गणपती आहेत, दिवाळीचा फराळ आहे. धाकटा दहावी होईपर्यंत हे असंच. म्हणजे शाळेचं वर्ष हेच तुझं आयुष्य आहे, बाई. ते बाजूला ठेवून राहशील कुठे?

तुझी सकाळ मी नीट ऐकून घेतली होती. मोठी पाचवीत, तिची शाळा सातची, साडेसहाला रिक्षा. धाकटा दुसरीत. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका असं शासनाने २०२४-२५ पासून सांगितलं, त्यामुळे त्याची नऊची. तू वैतागून म्हणालीस, दोन वेळा डबे, सकाळ फुटली. अगं, फुटली म्हणूनच मधे फट पडली! साडेसहाला रिक्षा गेली, धाकटा सव्वासातपर्यंत उठत नाही. तू पारोळ्याची एसटी धरतेस ती त्याला शाळेत सोडल्यावर. त्या पाऊण तासात तू काय करतेस? दुसऱ्या डब्याच्या पोळ्या, आणि वर्गाच्या ग्रुपवर उद्याच्या प्रकल्पाला कार्डशीट कुठल्या रंगाचं, याची चर्चा. पोळ्या एकदमच लाट. गार पोळीने पोर वाळत नाही.

बहिणाबाईंचं उदाहरण लोक तुलाही देतील, मलाही द्यायचे: दळता दळता ओव्या रचल्या, मग तुम्हाला काय होतंय? पण जात्यावर हात गुंतलेले असले तरी डोकं त्यांचं स्वतःचं होतं. आपलं उलटं आहे. हात रिकामा सापडतो, पण डोकं त्या ग्रुपवर गहाण. तो पाऊण तास फोन दुसऱ्या खोलीत ठेव. कार्डशीट सातनंतरही मिळतं.

दुसरं टोक आमच्या चाळीसगावातच होतं. छायाचित्रकार केकी मूस जवळजवळ अर्धशतक घराबाहेर पडले नाहीत म्हणतात, आणि टेबलटॉप फोटोग्राफीत, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून फोटो काढण्यात, मोठं नाव करून गेले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी संसार मांडला नव्हता, त्यांना डबा भरायचा नव्हता. तसा अखंड वेळ मिळेल तेव्हाच चित्र होईल असं मनात धरलंस तर ते व्हायचं नाही.

तुझा नवरा चांगला आहे, मला माहीत आहे. पण २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, तसं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. मोठीला रिक्षापर्यंत सोडणं त्याच्याकडे दे. विनंती करू नकोस, सांग.

लोक बोलतील. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "हाई काय चित्रं काढानी येळ शे का?" जेवणं आटोपली की मी आतल्या खोलीचं दार लावून बसायची. माझा मुलगा अजून म्हणतो, आई, तू दार लावून बसायचीस. हो, बसायची. तो बाहेर वडिलांजवळ अभ्यास करत होता, उपाशी नव्हता. आणि दार उघडून बाहेर आलेली आई चिडकी नव्हती, हे तो सांगत नाही, ते मी सांगते. त्या दाराबद्दल मी कुणाची माफी मागितली नाही, मागणारही नाही. तूही मागू नकोस.

आता कामाचं. जलरंग सध्या नको, पाणी-ब्रश-धुणं यातच वेळ जातो. पेन्सिल आणि बॉलपेन घे. कागद रविवारीच कापून ठेव, पोस्टकार्डाच्या मापाचे. बोर्ड उचलून ठेवायचा नाही, धाकट्याने रेघोट्या मारल्या तरी चालेल. चित्र अर्धं असताना उठ, म्हणजे दुसऱ्या दिवशी काय काढू म्हणून वेळ जाणार नाही. विषय शोधू नकोस. ओट्यावरचं काढ, दप्तर काढ, झोपलेला धाकटा काढ. झोपलेलं पोर हलत नाही. एखादा दिवस बुडाला तर बुडू दे, ताप-सर्दी असतेच. पण सुट्टीत भरून काढीन म्हणू नकोस.

सोमवारी रिक्षा गेली की बस. आठवड्याचे कागद रविवारी मला फोटो काढून पाठव, वाईट निघालेलेही. चुका मी पूर्वीसारख्याच दाखवणार आहे, तेव्हा चांगलेच तेवढे निवडून पाठवू नकोस.

तुझी,
बाई