गावाबाहेर टोळीने शेळ्या मारणाऱ्या भटक्या कुत्र्यांना 'रानकुत्रे' म्हणता येईल का?

नाही. रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा, तो मुळातच वेगळा प्राणी. ताडोबा-मेळघाटात दिसतो. अंग तांबूस, शेपूट झुपकेदार आणि टोकाकडे काळी. कुत्र्यासारखा भुंकत नाही. टोळी पांगली की शीळ घालून एकमेकांना बोलावतात. खालच्या जबड्यात शेवटची दाढ नसते, म्हणून दात ४०. आपल्या मोत्याला ४२. कोळसुंद्याचं पिल्लू घरात वाढवलं तरी त्याचा पाळीव कुत्रा होत नाही, कारण माणसाळणं ही हजारो वर्षांत पिढ्यान्‌पिढ्या घडलेली गोष्ट आहे.

शेळ्या मारणारी टोळी बहुधा गावातलीच, फार तर रानटी झालेली. जात पाळीव कुत्र्याचीच, फक्त माणसाची सवय तुटलेली. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात लागला नाही, तर पुढे ते माणसाला बिचकतंच. गल्लीतलं कुत्रं मात्र यात धरू नका. त्याला मालक नसेल, पण ते चहाच्या टपरीवर बिस्किटासाठी शेपूट हलवतं, म्हणजे माणसाळलेलंच.

खरी काळजी रानाची. अशा कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग वन्यप्राण्यांत जातात. शिवाय लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो. पुण्याजवळच्या माळरानावर तसा प्राणी जनुकीय तपासणीत सापडलाही आहे. कोळसुंद्याच्या बाबतीत ती भीती नाही, त्याची प्रजातीच नव्हे तर तिच्या वरचा गट, म्हणजे जीनसही (genus) निराळा.